पडद्यामागचा कागद

सोळाव्या-सतराव्या शतकात इटलीत गावोगाव फिरणाऱ्या नाटकमंडळ्यांकडे पाठ करायची संहिता नसे. पडद्यामागे एक कागद लटकवलेला असे. कोण कधी येतो, कुणाचं पत्र भलत्याच्या हाती पडतं, मार कोण खातो, एवढंच त्यावर. त्या कागदाला ‘शेनारिओ’ म्हणत. संवाद नटांनी ऐन वेळी जुळवायचे, आपल्या तमाशातल्या वगासारखे. कंजूष पांतालोने, हिकमती नोकर आर्लेकिनो ही पात्रं ठरलेली, त्यामुळे तेवढ्यावर भागून जाई. फ्लामिनिओ स्काला या नटाने १६११ मध्ये असे ५० आराखडे व्हेनिसमध्ये छापले. आज ते रुक्ष वाटतात, आणि वाटणारच: गंमत नटांच्या जिभेवर होती.

मूकपटांनी ‘शेनारिओ’ हा शब्द उचलला; इंग्रजीत त्याचा ‘सिनॅरिओ’ झाला. पुढे हॉलिवूडला ‘स्क्रीनप्ले’ आवडू लागला आणि ‘सिनॅरिओ’ मागे पडला.

त्याला नवं काम मिळालं ते अणुबॉम्बमुळे. कॅलिफोर्नियातल्या रँड कॉर्पोरेशनमध्ये शास्त्रज्ञ अणुयुद्धाची काल्पनिक कथानकं रचत होते. त्यांना नाव हवं होतं. हॉलिवूड जवळून पाहिलेले विनोदी लेखक लिओ रॉस्टेन यांनी हे टाकून दिलेलं नाव सुचवलं. रँडमधल्या हर्मन कान यांना ते फार पटलं, कारण त्यात भाकिताचा आव नव्हता. पण १९६० च्या ‘ऑन थर्मोन्यूक्लिअर वॉर’मध्ये त्यांनी २० लाखांपासून १६ कोटींपर्यंत मृतांचे आकडे मांडून देश सावरायला किती वर्षं लागतील याचं कोष्टकच दिलं. असं कोष्टक पाहिल्यावर ‘ही नुसती कल्पना’ असं म्हणणं कठीणच. स्टॅन्ले कुब्रिक यांनी १९६४ च्या ‘डॉ. स्ट्रेंजलव्ह’मध्ये ‘ब्लँड कॉर्पोरेशन’ आणून या मंडळींची यथेच्छ टर उडवली.

तेलकंपनी शेलमध्ये पिएर वाक यांनी हीच पद्धत धंद्यात आणली. तेल उत्पादक देशांनी हात आखडला तर काय, हा प्रश्न त्यांनी १९७२ मध्येच वरिष्ठांपुढे ठेवला होता. १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटलं आणि काही महिन्यांत तेल चौपट महागलं.

हवामानाच्या अभ्यासकांनी मात्र शक्यतेचा रकाना कोराच ठेवायचं ठरवलं. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या २००० सालच्या अहवालात उत्सर्जनाचे ४० सिनॅरिओ होते. कुठल्याची शक्यता किती, हे मुद्दाम सांगितलेलं नव्हतं. हवामानशास्त्रज्ञ स्टीफन श्नायडर यांनी पुढच्याच वर्षी आक्षेप घेतला: तुम्ही अंदाज दिला नाहीत, तर धोरण ठरवणारे आपापल्या मनाने तो धरून चालतील.