खेळणे की संगणक? न्हावा शेवाच्या जकात-कागदांपासून 'स्विच'वरील अँड्रॉइडपर्यंत

रायगडच्या किनाऱ्यावरील न्हावा आणि शेवा या दोन लहान गावांची नावे आज जगातील जवळजवळ प्रत्येक मोठ्या जहाज कंपनीच्या वेळापत्रकात आढळतात. २६ मे १९८९ रोजी सुरू झालेल्या बंदराला जवाहरलाल नेहरूंचे नाव देण्यात आले. तरी मालवाहतुकीच्या कागदांवर 'न्हावा शेवा' हेच रूढ राहिले. शेवा कोळीवाड्यातील कुटुंबांना याच बंदरासाठी गाव सोडावे लागले. गाव उठले, नाव मात्र धक्क्यावर राहिले.

या बंदरात उतरणाऱ्या प्रत्येक आयात मालाला एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते : तू नेमका कोण? बिल ऑफ एन्ट्रीवर आठ आकडी संकेतांक लिहिल्याशिवाय कंटेनर पुढे सरकत नाही. हे संकेतांक येतात १९७५ च्या सीमाशुल्क दर अधिनियमातून. त्यात संगणक प्रकरण ८४ मध्ये, मोबाइल फोन प्रकरण ८५ मध्ये आणि हातात धरून खेळायचा गेम कन्सोल प्रकरण ९५ मध्ये, म्हणजे खेळणी व क्रीडासाहित्यात. गंमत अशी की कन्सोलचे ९५०४ हे शीर्षक बुद्धिबळाचा पट आणि सोंगट्यांसह कॅरम बोर्ड यांच्याशी सामाईक आहे. आत प्रोसेसर, मेमरी, वायफाय आणि स्पर्शपटल असलेले यंत्र कायद्याच्या लेखी कॅरमचे भावंड ठरते.

हा केवळ शाब्दिक वाद नाही. त्यामागे पैसा आहे. १९९६ च्या माहिती तंत्रज्ञान करारानुसार संगणकावरील आयात शुल्क शून्यावर आणण्याचे देशोदेशींच्या सरकारांनी मान्य केले आणि भारतही त्यात सामील झाला. त्या करारात गेम कन्सोल नव्हता. साहजिकच, कन्सोलला 'संगणक' म्हणवून घेण्यात लाभ होता. सोनीने युरोपात नेमका तोच मार्ग धरला. प्लेस्टेशन २ वर प्रोग्राम लिहिता येतो, हे दाखवण्यासाठी तिथल्या ग्राहकांना बेसिक भाषेचा एक दुभाषी सोबत देण्यात आला; पुढे २००२ मध्ये कीबोर्ड, माउस व हार्ड डिस्कसह लिनक्सचा संचही विक्रीस आला. युरोपीय आयोगाने या यंत्राला खेळ ठरवले होते; ३० सप्टेंबर २००३ रोजी युरोपीय प्राथमिक न्यायालयाने ते वर्गीकरण रद्द केले. अखेर २०१२ च्या जागतिक जकात-नामावलीत व्हिडिओ गेम यंत्रांसाठी स्वतंत्र उपशीर्षक आले आणि स्वतःचा पडदा असलेली, हातात मावणारी यंत्रेही त्यात स्पष्टपणे गोवली गेली. २०१५ च्या विस्तारित करारात कन्सोलचा समावेश झाला खरा, पण त्या विस्तारात भारत सहभागी झाला नाही.

कागदावर वाद मिटला. यंत्राच्या पोटात मात्र तो ३ मार्च २०१७ रोजी नव्याने सुरू झाला. त्या दिवशी निन्टेंडोचा 'स्विच' बाजारात आला. कंपनीने तो भारतात अधिकृतपणे विक्रीला आणला नाही. इथल्या हौशी मंडळींना समांतर आयातदारांवरच विसंबावे लागले. स्विचचे हृदय म्हणजे एनव्हिडियाची टेग्रा एक्स-१ ही चिप. हीच चिप २०१५ पासून एनव्हिडियाच्या शील्ड टीव्ही या यंत्रात होती आणि शील्ड टीव्ही चालत होता अँड्रॉइडवर. म्हणजे स्विचवर अँड्रॉइड चालवण्यासाठी लागणारी बरीचशी सामग्री आधीच तयार होती. अडसर फक्त कुलपाचा होता.

कुलूप निघाले ते एप्रिल २०१८ मध्ये. केट टेमकिन या संशोधिकेने 'फ्युझे जेले' नावाची त्रुटी, एनव्हिडियाला आधी कळवून, जाहीर केली; त्याच सुमारास 'फेलओव्हरफ्लो' या गटानेही स्वतंत्रपणे तीच वाट दाखवली. त्रुटी समजायला सोपी आहे. यंत्र सुरू होताना चिपमध्ये कायमचा कोरलेला एक लहान प्रोग्राम सर्वप्रथम चालतो आणि पुढच्या प्रत्येक प्रोग्रामची सही तपासतो. दुरुस्तीसाठी त्याची एक यूएसबी अवस्था ठेवलेली असते. त्या अवस्थेत बाहेरून आलेल्या विनंतीत 'इतके बाइट दे' असा आकडा असतो. वास्तविक दोन बाइट पुरेसे. परंतु आकडा तपासलाच जात नसल्याने ६५,५३५ बाइटपर्यंत मागणी करता येई आणि नक्कल होणारी माहिती नेमून दिलेली जागा ओलांडून प्रोग्रामच्या चालू कामावरच पसरे. द्वारपालाला सही तपासायची संधी मिळण्यापूर्वीच त्याच्या जागी दुसराच बसे.

त्या दुरुस्ती-अवस्थेत शिरण्याची युक्ती तर शाळकरी वाटावी अशी : उजवा जॉय-कॉन काढायचा, त्याच्या खाचेतील ठरावीक टोके तारेच्या तुकड्याने जोडायची आणि आवाज वाढवण्याचे बटण दाबून यंत्र सुरू करायचे. कागद अडकवायच्या क्लिपनेही हे साधे. कोरलेला प्रोग्राम कारखान्याबाहेर बदलता येत नसल्यामुळे, मार्च २०१८ अखेरपर्यंत विकल्या गेलेल्या १ कोटी ७७ लाखांहून अधिक यंत्रांना कोणतेही अपडेट पाठवून ही फट बुजवणे कंपनीला अशक्य होते.

जुलै २०१९ मध्ये 'स्विचरूट' या स्वयंसेवी गटाने अँड्रॉइड ८.१ वर आधारलेली लिनेजओएसची आवृत्ती स्विचसाठी प्रसिद्ध केली. (लिनेजओएस म्हणजे २०१६ अखेरीस बंद पडलेल्या सायनोजेनमॉडचा वारस, भारतात जुने फोन जगवणाऱ्यांना ते नाव चांगलेच परिचित आहे.) तिचा पाया होता शील्ड टीव्हीसाठीचा कोड. ती मायक्रोएसडी कार्डवर बसे. निन्टेंडोची मूळ प्रणाली आतल्या साठ्यात तशीच राही. कार्ड काढून यंत्र बंद-चालू केले की पुन्हा पूर्वीचा खेळगडी. पुढे लिनेजओएसच्या अधिकृत यादीतही स्विचला स्थान मिळाले.

मराठी वाचकाने थांबावे अशी जागा इथे आहे. स्विचच्या मूळ प्रणालीच्या भाषांत जपानी, इंग्रजी, फ्रेंच, रशियन, कोरियन आहेत. मराठी नाही, हिंदीही नाही. अँड्रॉइडला मात्र २०१४ च्या लॉलीपॉप आवृत्तीपासून मराठी येते. त्यामुळे ज्या यंत्राने मराठी माणसाला कधी ग्राहक म्हणून मोजलेच नाही, त्याच्या पडद्यावर 'सेटिंग्ज'ची संपूर्ण यादी देवनागरीत दिसू लागली ती कंपनीच्या कृपेने नव्हे, एका न तपासलेल्या आकड्यामुळे. भाषेचे राजकारण परिभाषा कोशांत शोधणाऱ्यांनी अशा कोपऱ्यांतही डोकावायला हरकत नाही.

कायद्याचे काय? अमेरिकेत चोरीचे खेळ चालवणारी उपकरणे विकणाऱ्या गटातील गॅरी बाउझर याला फेब्रुवारी २०२२ मध्ये ४० महिन्यांची शिक्षा झाली. तो धंदा वेगळा आणि कार्डवर अँड्रॉइड बसवणे वेगळे. दोन्हींचा दरवाजा एक असल्याने चर्चेत सरमिसळ होते, इतकेच. भारतीय स्वामित्वहक्क कायद्यात २०१२ साली आलेले कलम ६५अ हा भेद बऱ्यापैकी नेमका करते : तांत्रिक कुलूप तोडणे तेव्हा शिक्षापात्र, जेव्हा त्यामागे स्वामित्वहक्क भंग करण्याचा हेतू असतो. हेतूची ही अट अमेरिकी कायद्याच्या मूळ मनाई-कलमात नाही. या एका बाबतीत आपल्या संसदेने अधिक समंजसपणा दाखवला, असे म्हणायला आधार आहे.

२०१८ च्या मध्यापासून कारखान्यातच फट बुजवलेली यंत्रे बाहेर पडू लागली. जुने कोणते आणि नवे कोणते, हे वरून ओळखू येत नाही. खोक्यावरील अनुक्रमांक ताडून पाहावा लागतो, म्हणून जुन्या मालाच्या बाजारात गिऱ्हाईक प्रथम तो आकडा विचारते. जकातीच्या कागदावर मात्र या दोहोंसाठी एकच ओळ आहे, कॅरम बोर्डाच्या किंचित वर.