मीटरवर 3.80, मागितले पंच्याहत्तर: मुंबईच्या टॅक्सीभाड्याची गोष्ट

आजचा भाग इतिहासाचाच आहे, पण सुरुवात आमच्या घरातल्या एका जुन्या भांडणाने करतो.

2011 साल. मी चौदा वर्षांचा. बाबा आणि मी सोलापूरहून रात्रीच्या एसटीने आलो आणि दादरला उतरलो, तेव्हा पहाटेचे चार वाजले होते. भायखळ्याला आत्याकडे जायचं होतं. समोर एक काळी-पिवळी पद्मिनी उभी होती. आम्ही बसलो, ड्रायव्हरने खिडकीतून हात बाहेर काढून मीटर डाऊन केला आणि आकडा दिसला 1.00. मला वाटलं, अरे वा, मुंबईत टॅक्सी एक रुपयात!

उतरताना मीटरवर 3.80 होते. बाबांनी गावाहून निघतानाच चौकशी केली होती की कमीत कमी भाडं 16 रुपये आहे. त्यांनी गुणाकार केला, साठ-एकसष्ट रुपये झाले. ड्रायव्हरने मागितले पंच्याहत्तर. झालं, बाबा भडकले. "नवखे दिसलो म्हणून लुटता का?" ड्रायव्हरने एक मळकट कार्ड पुढे केलं, "कार्ड तो देख लो, साहब." बाबांनी बघितलं नाही. साठ रुपये त्याच्या हातात टेकवले आणि बॅग उचलून चालायला लागले. पुढची कित्येक वर्षं आमच्याकडे हा किस्सा 'मुंबईत बाबांनी कसं फसवून घेतलं नाही' म्हणून सांगितला जायचा.

हा किस्सा बाजूला ठेवा, शेवटी परत येऊ. आधी मीटरकडे वळू.

तुम्हाला माहितीये का, टॅक्सीला टॅक्सी हे नाव मीटरमुळे पडलं? 1891 मध्ये फ्रीडरिश विल्हेल्म गुस्ताव ब्रून या जर्मन माणसाने गाडी किती चालली आणि भाडं किती झालं हे मोजणारं यंत्र बनवलं. त्याचं नाव टॅक्सीमीटर. 'टॅक्स' म्हणजे आकार, शुल्क आणि 'मीटर' म्हणजे मोजमाप. ज्या गाडीत ते यंत्र, ती टॅक्सीमीटर कॅब, आणि बोलता बोलता उरली नुसती टॅक्सी.

या यंत्राची गरज का पडली, ते न्यूयॉर्कच्या एका गोष्टीवरून कळतं. 1907 मध्ये तिथल्या हॅरी अ‍ॅलन नावाच्या व्यावसायिकाकडून एका घोडागाडीवाल्याने जेमतेम पाऊण मैलाचे पाच डॉलर घेतले. त्या काळात ही रक्कम भलतीच मोठी होती. अ‍ॅलन इतका चिडला की त्याने फ्रान्सहून मीटर लावलेल्या 65 मोटारी मागवल्या आणि टॅक्सीचा धंदाच सुरू केला. म्हणजे बघा, प्रवाशाला वाटतं ड्रायव्हर लुटतोय आणि ड्रायव्हरला वाटतं प्रवासी बुडवणार. हे भांडण मोटारीच्याही आधीचं आहे. मीटर आला तो या दोघांमध्ये तिसरा साक्षीदार म्हणून.

मुंबईत मोटार टॅक्सी आली 1911 च्या सुमारास. त्याआधी घोड्यांच्या व्हिक्टोरिया होत्या. मग पुढे कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली फियाट, म्हणजेच प्रीमियर पद्मिनी, या शहराची ओळख झाली. शेवटची पद्मिनी टॅक्सी म्हणून नोंदली गेली 29 ऑक्टोबर 2003 ला. वयाची मर्यादा 20 वर्षांची, त्यामुळे 30 ऑक्टोबर 2023 पासून ती रस्त्यावरून गेली.

आता मुख्य मुद्दा. मीटर 1.00 दाखवायचा आणि भाडं सोळा रुपये, असं का?

कारण जुना मीटर पूर्ण यांत्रिक होता. आत दातेरी चाकं आणि एक घड्याळ. गाडी पळाली की चाकांच्या हिशोबाने आकडा सरकायचा आणि सिग्नलला थांबली की घड्याळाच्या हिशोबाने. म्हणून ट्रॅफिकमध्ये उभं राहूनही आकडा वाढायचा. तो वेटिंगचा आकार, त्यात लबाडी नव्हती. पण भाडं वाढलं की शहरातल्या हजारो टॅक्सींचे मीटर उघडून आतली चाकं कोण बदलणार? मग सोपा उपाय निघाला. मीटर जुनाच ठेवायचा आणि छापील टॅरिफ कार्ड काढायचं. मीटरवर अमुक आकडा, तर भाडं तमुक. आमच्या भाषेत सांगायचं तर हार्डवेअर तेच, वर एक लूकअप टेबल चिकटवलं. भाडं वाढलं की टेबल बदलायचं.

जुगाड चाललं, पण त्याचा भार नवख्यावर पडला. रोज फिरणाऱ्या मुंबईकराला आकडे पाठ असायचे. पहाटे एसटीतून उतरलेल्या माणसाला कार्ड असतं हेच माहीत नसायचं. याचा फायदा घेणारे ड्रायव्हर होतेच, नाही असं नाही. आणि मग सगळेच तसे, असं धरून चालणारे प्रवासीही तयार झाले. 2012 च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक मीटर सक्तीचे झाले आणि आकडा थेट रुपयांत दिसू लागला.

भाडं ठरवतं मुंबई महानगर प्रदेश परिवहन प्राधिकरण. इंधन, गाडीची किंमत, देखभाल, राहणीमानाचा खर्च यांचा हिशोब त्यात धरला जातो. टॅक्सीचं किमान भाडं 2015 मध्ये 22 रुपये होतं. ते 25 झालं थेट मार्च 2021 मध्ये. तीन रुपयांसाठी जवळजवळ सहा वर्षं! ऑक्टोबर 2022 मध्ये 28, आणि 1 फेब्रुवारी 2025 पासून 31. हे 31 पहिल्या दीड किलोमीटरचे, पुढे प्रत्येक किलोमीटरला 20.66 रुपये. म्हणजे सहा किलोमीटरचे साधारण 124. मध्यरात्री बारा ते पहाटे पाच या वेळेत यावर 25 टक्के जादा, म्हणजे तेच अंतर 155 रुपये. मोठ्या सामानाचे वेगळे, आणि सी लिंकवरून गेलात तर टोल आपला.

आता अ‍ॅपवर या. अ‍ॅपमधला सर्ज म्हणजेही गुणाकारच. पण मीटरच्या दराला तीन रुपये वाढायला सहा वर्षं लागली आणि इथे पाऊस आला की पाच मिनिटांत भाडं दीडपट. केंद्र सरकारच्या 2020 च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये मूळ भाड्याच्या दीडपट अशी कमाल मर्यादा होती, 2025 च्या नव्या तत्त्वांमध्ये ती दुप्पट झाली. अ‍ॅपची एक गोष्ट खरंच चांगली आहे, बसायच्या आधी रक्कम कळते. पण ती रक्कम कशी आली ते कळत नाही. ड्रायव्हरला विचारा, बहुतेक वेळा त्यालाही सांगता येणार नाही. पुढे करायला त्याच्याकडे कार्डच नाही.

तर परत 2011 मध्ये येऊ. या भागाची तयारी करताना मी जुन्या टॅरिफ कार्डाचा एक फोटो बघत होतो. त्यात तीन रकाने होते. मीटरचा आकडा, दिवसाचं भाडं, मध्यरात्रीचं भाडं. तिसरा रकाना बघून मी थांबलोच. आम्ही टॅक्सीत बसलो तेव्हा चार वाजले होते. साठावर 25 टक्के किती? पंधरा. साठ अधिक पंधरा, पंच्याहत्तर.

त्या ड्रायव्हरने एक रुपयाही जास्त मागितला नव्हता. बुडवलं होतं आम्ही.

मी बाबांना फोन करून सांगितलं. ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "कार्ड दाखवत होता रे तो. मीच नाही बघितलं."

तो ड्रायव्हर आता सापडणार नाही, त्याचं नावही आम्ही विचारलं नव्हतं. पण तुम्ही पुढच्या वेळी कुठल्याही मोठ्या शहरात पहाटे उतरलात, तर बसायच्या आधी दोन गोष्टी विचारा: रात्रीचा दर कधीपासून कधीपर्यंत, आणि वरचे आकार कुठले? आणि समोरच्याने कार्ड पुढे केलं तर ते वाचा. मगच भांडा, हवं तर.

आमच्या घरी हा किस्सा अजूनही सांगितला जातो. फक्त आता शेवटी बाबा स्वतःच म्हणतात, "पंधरा रुपये द्यायचे राहिलेत."

चला, भेटू पुढच्या भागात. तुमच्या घरातला टॅक्सीचा किस्सा असेल तर व्हॉइस नोट नक्की पाठवा!