लेनोरमां पत्त्यांमधला 'कोल्हा' : खेळातलं एक घर भविष्याचा इशारा कसं बनलं?

'एक कार्ड निवडा' असं सांगणाऱ्या रील्समध्ये टॅरोसोबत लेनोरमां पत्तेही दिसतात. ३६ चित्रांच्या या संचात 'कोल्हा' निघाला की बऱ्याचदा एकच इशारा मिळतो: जवळचं कुणीतरी तुम्हाला फसवतंय. हा अर्थ आला कुठून?

कार्डावर काय असतं?

कोल्ह्याचा क्रमांक १४. अनेक संचांमध्ये कार्डावर किलवर नव्वीही छापलेली असते. कपट, चलाखी, सावधपणा आणि स्वतःचा फायदा हे त्याचे नेहमीचे अर्थ. शेजारच्या कार्डानुसार ते बदलतात. कुत्रा (१८) म्हणजे मित्र. त्याच्या शेजारी कोल्हा आला तर 'खोटा मित्र', पत्राशेजारी (२७) आला तर 'खोटी बातमी'.

मुळात हा खेळ होता

जर्मनीतल्या न्युरेम्बर्ग शहरात १७९९ च्या सुमारास योहान कास्पार हेख्टेल यांचा 'आशेचा खेळ' बाजारात आला. ३६ पत्ते सहा-सहाच्या ओळींत मांडायचे, फासे टाकायचे आणि सोंगटी पुढे न्यायची. आपल्या सापशिडीसारखंच. ३५ व्या घरातल्या नांगरावर पोहोचणारा जिंकायचा.

१४ व्या घरात कोल्हा होता. तिथे सोंगटी आली की धूर्त कोल्हा खेळाडूची वाट चुकवायचा आणि त्याला थेट पाचव्या घरातल्या झाडापाशी मागे जावं लागायचं. म्हणजे कोल्ह्याचं काम सापशिडीतल्या सापाचं. याच पत्त्यांनी गंमत म्हणून भविष्य सांगता येईल, असंही खेळाच्या नियमांमध्ये लिहिलं होतं.

मग लेनोरमां कोण?

मारी अॅन लेनोरमां (१७७२-१८४३) ही पॅरिसमधली प्रसिद्ध भविष्यवेत्ती. हे पत्ते तिने तयार केलेले नाहीत. तिच्या मृत्यूनंतर प्रकाशकांनी हेख्टेलच्या खेळातली चित्रं तिच्या नावाने विकायला सुरुवात केली. नाव मोठं होतं, त्यामुळे संच खपला. सोंगट्या आणि फासे मागे पडले, भविष्य तेवढं उरलं.

कोल्हाच का?

युरोपात कोल्ह्याची प्रतिमा आधीच पक्की होती. इसापच्या गोष्टी आणि मध्ययुगातल्या रेनार्ड कोल्ह्याच्या कथांमध्ये तो बोलण्यात गुंतवून दुसऱ्याला फसवतो. कार्डाने तीच ओळख उचलली.

मराठी वाचकालाही हा अर्थ लगेच पटतो, कारण पंचतंत्रामुळे आपल्याकडेही कोल्हा धूर्तच. पण प्राणी वेगळा आहे. कार्डावर असतो तो युरोपातला तांबडा कोल्हा, इंग्रजीत 'फॉक्स'. मराठीत आपण ज्याला कोल्हा म्हणतो तो 'जॅकल'. महाराष्ट्राच्या माळरानावर दिसणाऱ्या 'फॉक्स'ला खोकड म्हणतात.

सगळे एकच अर्थ लावतात का?

नाही. काही जण कोल्ह्याला नोकरीचं कार्ड मानतात, कारण तो डोकं लढवून पोट भरतो. काहींच्या मते नोकरीचं कार्ड नांगर. कोल्ह्याचं तोंड कुठल्या कार्डाकडे आहे, यावरूनही काही जण अर्थ ठरवतात. त्यामुळे एकाच मांडणीतून एकाला दगाबाज मित्र दिसेल, तर दुसऱ्याला ऑफिसचं काम.

तरी 'अगदी बरोबर सांगितलं' असं का वाटतं?

१९४८ मध्ये मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली. 'हे तुमचं व्यक्तिमत्त्व' असं सांगून प्रत्येकाला एक वर्णन दिलं. विद्यार्थ्यांनी त्याला ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. प्रत्यक्षात सगळ्यांच्या हातात एकच मजकूर होता आणि तो बराचसा ज्योतिषाच्या पुस्तकातून घेतलेला होता.

'जवळचं कुणीतरी फसवतंय' हे वाक्यही तसंच आहे. ते ऐकताच उत्तर न आलेला मेसेज, उसने दिलेले पैसे किंवा जुनं भांडण आठवतं आणि रिकाम्या जागी आपणच एक नाव भरतो. रील बनवणाऱ्याला ते नाव माहीत नसतं. संशय मात्र खऱ्या माणसावर जातो.

चित्र म्हणून कोल्ह्याचं कार्ड रंजक आहे. पण एखाद्या मैत्रिणीला ब्लॉक करण्याआधी एवढं आठवावं: कोल्ह्याचं मूळ काम सोंगटी नऊ घरं मागे नेण्याचं होतं. खरंच शंका असेल, तर तिला फोन करून विचारता येतं.