ओझं पेलणारं गुप्त दार

दिसायला पुस्तकांचं कपाट आणि उघडायला दार, ही चीज युरोपात दोन घराण्यांतून आली. एक गमतीचं, दुसरं जिवावरच्या भीतीचं.

गमतीचं घराणं ग्रंथालयांतलं. ऑस्ट्रियातल्या आडमोंट मठाचं ग्रंथालय १७७६ मध्ये पूर्ण झालं. सज्ज्यात नेणारे जिने दिसू नयेत म्हणून तिथे दारांवर पुस्तकांचे नुसते खोटे कणे लावले आहेत. डिकन्सने १८५१ मध्ये लंडनच्या घरात अभ्यासिकेचं दार असंच सजवलं आणि नावं स्वतः रचली. त्यातलं एक होतं ‘एका अल्पकालीन दाव्याचा इतिहास’, खंड एकवीस! (आपल्या कोर्टांच्या पायऱ्या झिजवलेल्यांना हे समजावून सांगायला नको.) अशा दाराचं वजन मात्र साध्या दाराइतकंच. सुताराला त्यात घाम गाळावा लागत नाही.

खरं ओझं आलं ते भीतीपोटी. ॲमस्टरडॅममध्ये ६ जुलै १९४२ ला ॲन फ्रँकचं ज्यू कुटुंब नाझींच्या भीतीने प्रिन्सेनग्राख्ट २६३ या ऑफिसच्या इमारतीच्या मागच्या भागात लपलं. दडवलेल्या सायकलींसाठी घरांच्या झडत्या चालल्या होत्या, म्हणून मागे जाणाऱ्या वाटेवर कपाट बसवावं, असं ऑफिसमधल्या कुग्लर यांनी सुचवलं. गोदाम सांभाळणाऱ्या योहान वॉस्कुइल यांनी ऑगस्टमध्ये ते बनवलं. फळ्यांवर ऑफिसच्या खऱ्या फायली आणि कपाट बिजागऱ्यांवर फिरणारं. तिथून खाली ऑफिसकडे जाताना वाकून उडी मारावी लागे, कारण पायरी काढून टाकली होती. पहिल्या दिवसांत सगळ्यांच्या कपाळावर टेंगळं आली, तेव्हा चौकटीला लाकडाचा कीस भरलेलं कापड ठोकलं. ४ ऑगस्ट १९४४ ला धाड पडेपर्यंत ते दार टिकलं. डिकन्सच्या दारापेक्षा मला या सुताराचं मोल जास्त वाटतं.

आता हौसेने असं दार करणाऱ्याने आधी वजनाचा हिशेब मांडावा. फूटभर रांगेतल्या पुस्तकांचं वजन साधारण दहा किलो धरा. तीन फूट रुंद, सहा फळ्यांच्या कपाटात १८० किलो झाले. बिजागऱ्या सहा फुटांच्या अंतरावर असतील, तर वरच्या बिजागरीला चौकटीतून उपटू पाहणारा ओढा सुमारे ४५ किलोंचा. स्क्रू आज ना उद्या ढिले होणारच. खाली चाक लावून भागेल असं वाटतं, पण जमीन जरा उंचसखल असली की चाक कुठे अडतं, कुठे अधांतरी राहतं.

म्हणून जाणकार कडेच्या बिजागऱ्या सोडून खाली-वर खुंट्या बसवतात आणि त्या कडेपासून थोड्या आत घेतात. मग कपाटाचा काही भाग मागे वळतो, ओढा घटतो आणि सगळा भार खालच्या खुंटीतून थेट जमिनीवर जातो. आपल्या जुन्या वाड्यांची जाड दारं याच पद्धतीने उंबऱ्यातल्या खळग्यात फिरत. एक पथ्य मात्र पाळायचं: लाकडी जमीन असेल, तर खुंटीच्या नेमकं खाली आडवं बहाल आहे का, हे कपाटाचं लाकूड कापण्याआधी पाहून घ्यायचं.