त्रिकला जनित्राच्या गुंडाळीची निरोधन चाचणी

त्रिकला जनित्राच्या गुंडाळीची निरोधन चाचणी म्हणजे जनित्रातील तांब्याच्या गुंडाळ्या आणि यंत्राचा लोखंडी गाभा यांच्यामधील निरोधक आवरण शाबूत आहे की नाही, हे यंत्र बंद असताना पारखण्याची पद्धत होय. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या उपकरणाला सर्रास ‘मेगर’ म्हणतात. हे मुळात १९०३ साली नोंदवले गेलेले ब्रिटिश व्यापारचिन्ह असून आज ते सामान्यनाम झाले आहे.

स्थानिक संदर्भ

सांगलीला लागून असलेले माधवनगर कापडधंद्यासाठी ओळखले जाते. सांगली-सातारा पट्ट्यातील साखर कारखान्यांमध्ये उसाच्या चिपाडावर वाफ तयार करून वीजनिर्मिती होते. गळीत हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो. त्यामुळे ही जनित्रे नेमकी पावसाळ्यात थंड पडून असतात आणि गुंडाळ्या हवेतील दमटपणा शोषतात. पुराची गोष्ट याहून गंभीर आहे. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. अशा पुरात बुडालेले जनित्र वरून कोरडे दिसले, तरी चाचणीशिवाय सुरू केल्यास गुंडाळी जळून जाण्याचा धोका असतो. तसे झाल्यास, जे काम धुण्या-सुकवण्यावर भागले असते, त्यासाठी सबंध गुंडाळी नव्याने भरावी लागते.

तत्त्व

गुंडाळी व गाभा यांच्यामध्ये एकदिश दाब लावला की तीन प्रकारचे प्रवाह वाहतात. पहिला धारितेमुळे वाहतो व काही क्षणांतच संपतो. दुसरा निरोधक द्रव्यात शोषला जातो आणि काही मिनिटे हळूहळू घटत राहतो. तिसरा गळतीचा, तो कायम राहतो. कोरड्या व स्वच्छ गुंडाळीत गळती नगण्य असल्याने काळ जाईल तसा मापलेला रोध वाढत जातो. ओलसर गुंडाळीत गळतीच वरचढ ठरते आणि काटा जागचा हलत नाही.

पद्धत

यंत्र पूर्ण थांबवून, वीजपुरवठ्यापासून तोडून ते चुकून चालू होणार नाही अशी कुलूपबंद व्यवस्था करावी लागते. दाब नियंत्रक, डायोड आणि लाट-रोधक ही साधने सोडवून बाजूला केली जातात. नाहीतर चाचणीच्या दाबाने तीच निकामी होतात. न्यूट्रलचे भूसंपर्कनही उघडतात. ताराबिंदू सोडवता येत असल्यास प्रत्येक कला स्वतंत्रपणे, उरलेल्या दोन भूमीला जोडून तपासणे उत्तम. त्यामुळे कलांमधील निरोधनही पारखले जाते.

४१५ व्होल्टच्या जनित्राला ५०० व्होल्ट, तर ११ किलोव्होल्टच्या जनित्राला २,५०० ते ५,००० व्होल्ट एकदिश दाब लावण्याचा प्रघात आहे. पहिली नोंद एका मिनिटाने, दुसरी दहा मिनिटांनी घेतात. चाचणीनंतर गुंडाळी भूमीला जोडून तिच्यातील भार उतरवणे अनिवार्य आहे, आणि त्यासाठी दाब जितका वेळ लावला त्याच्या किमान चौपट वेळ द्यावा लागतो. ही पायरी घाईत गाळली जाते. मोठ्या यंत्रात साचलेला भार जीवघेणा ठरू शकतो.

नोंदींचा अर्थ

तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की रोध ढोबळमानाने निम्मा होतो, म्हणून प्रत्येक नोंद ४० अंशांवर आणून तिची तुलना करतात. ३० अंशांवर २० मेगओहम मिळाले, तर ४० अंशांवर ते १० धरावेत. एक किलोव्होल्टखालील यंत्रांसाठी किमान ५ मेगओहम अपेक्षित असतात. सुमारे १९७० नंतरच्या उच्चदाबाच्या साच्यातील गुंडाळ्यांना १०० मेगओहम लागतात. त्याआधीच्या गुंडाळ्यांना ‘किलोव्होल्ट अधिक एक’ हा नियम लागू होता. त्यानुसार ११ किलोव्होल्टच्या यंत्राला १२ मेगओहम पुरत. नव्या यंत्राला ही जुनी मोजपट्टी लावणे ही फसवी सवलत होय.

दहा मिनिटांच्या नोंदीला एका मिनिटाच्या नोंदीने भागले की ध्रुवीकरण निर्देशांक मिळतो. आधुनिक निरोधनात तो किमान २ असावा. मात्र एका मिनिटाचाच रोध ५,००० मेगओहमच्या वर असेल, तर या गुणोत्तराला फारसा अर्थ उरत नाही. एखाद्या सुट्या आकड्यापेक्षा वर्षानुवर्षांची नोंदवही अधिक बोलकी असते.

सुकवणे

पुराचा गाळ बसलेली गुंडाळी आधी स्वच्छ पाण्याने धुवावी लागते. मग उष्ण हवा, तापक किंवा मर्यादित विद्युतप्रवाह यांच्या साहाय्याने ती सावकाश सुकवतात. एकाएकी तापवल्यास अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन आवरण फुटते. सुकवण्याच्या आरंभी रोध घटतो, तळ गाठतो आणि मगच चढू लागतो. ही घट पाहून काम सोडू नये. रोध वर चढून स्थिरावल्यावरच सुकवणे पूर्ण झाले असे समजतात. पूर्ण सुकवूनही आकडा चढत नसेल, तर दोष ओलाव्याचा नसून आवरणाचा असण्याची शक्यता दाट असते.

मर्यादा

एकाच गुंडाळीतील लगतच्या वेढ्यांमधला बिघाड मेगरने कळत नाही, कारण ते वेढे एकाच दाबावर असतात. त्यासाठी लाट-चाचणी करतात. उच्चदाबाच्या यंत्रांवर टॅन-डेल्टा आणि अंशतः विसर्ग यांचीही मापने घेतली जातात.