एका भिंगाची निवड : कलकत्त्याच्या छायाचित्रणाचा मागोवा

हुगळीच्या काठी, हावड्याच्या पुलाच्या पायथ्याशी, मल्लिक घाटावर पहाटेपासून फुलांचा बाजार भरतो. झेंडूच्या माळांचे भारे डोक्यावर घेतलेले मजूर गर्दीतून वाट काढीत असतात. वर १९४३ साली वाहतुकीस खुला झालेल्या पुलाचा अजस्र लोखंडी सांगाडा. खाली नदीत स्नान करणारी माणसे. हातात कॅमेरा घेऊन तेथे पोचलेल्या हौशी माणसापुढे एकाच वेळी तीन चित्रे उभी राहतात. पूल सबंध घ्यावयाचा तर विस्तीर्ण दृश्य सामावून घेणारे भिंग हवे. माळ ओवणाऱ्याची बोटे टिपावयाची तर मध्यम पल्ल्याचे हवे. आणि पाण्यात उभा राहून अर्घ्य देणारा वृद्ध, त्याच्या एकांताला धक्का न लावता टिपावयाचा, तर दूरचे जवळ आणणारे हवे. एक भिंग काढून दुसरे चढवीपर्यंत भारा पुढे गेलेला असतो आणि ओंजळ रिकामी झालेली असते.

म्हणून आजचा हौशी छायाचित्रकार विचारतो, की आरसा नसलेल्या या नव्या सुटसुटीत कॅमेऱ्याला असे एकच लहानसे ‘झूम’ भिंग कोणते लावावे, की ज्याने ही तिन्ही चित्रे मिळतील आणि खांदाही दुखणार नाही? प्रश्न दुकानदाराच्या फळीवर सुटण्याजोगा वाटतो. परंतु २००१ पासून अधिकृतपणे कोलकाता म्हणविल्या जाणाऱ्या या शहरात तो दीडशे वर्षांहून अधिक काळ विचारला जात आहे. किती ओझे वाहावे, किती प्रकाशावर समाधान मानावे आणि समोरच्या माणसापासून किती अंतरावर उभे राहावे, ही त्या प्रश्नाची तीन अंगे आहेत. त्यांची उत्तरे कलकत्त्याच्या छायाचित्रकारांनी निरनिराळ्या काळी कशी दिली, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

छायाचित्रणाची हौस या देशात फार लवकर रुजली. मुंबईत १८५४ साली छायाचित्रकारांची संस्था निघाली आणि १८५६ साली कलकत्त्यातही तशीच एक स्थापन झाली. १८६३ साली सॅम्युएल बोर्न नावाचा तरुण इंग्रज कलकत्त्यास उतरला. नॉटिंगहॅमच्या एका बँकेतील कारकुनी सोडून तो आला होता. त्या काळची पद्धत ओल्या काचांची. काचेवर रासायनिक द्रव पसरावयाचा, तो ओला असतानाच चित्र घ्यावयाचे आणि सुकण्यापूर्वीच अंधाऱ्या तंबूत ते प्रकट करावयाचे. बोर्नच्या काचा साधारणतः दहा इंच रुंद आणि बारा इंच लांब. चित्र मोठे करण्याची सोय नसल्यामुळे चित्र जेवढे हवे तेवढीच काच, आणि काच मोठी म्हणून कॅमेरा मोठा. तंबू, रसायनांच्या बाटल्या, काचांच्या पेट्या आणि स्वतःचे सामानसुमान घेऊन तो हिमालयात शिरला, तेव्हा पहिल्या सफरीत त्याच्याबरोबर सुमारे ३० हमाल होते. १८६४ च्या काश्मीरच्या सफरीत ते ४२ झाले आणि १८६६ च्या सफरीत ८० च्या घरात गेले.

बोर्नच्या चित्रांतील हिमशिखरांची स्पष्टता आजही पाहणाऱ्यास थक्क करते. पण त्या स्पष्टतेची किंमत दुसऱ्यांच्या पाठीने मोजली होती, हेही विसरता येत नाही. बोर्न १८७० साली मायदेशी परतला. त्याच्या व चार्ल्स शेफर्डच्या नावाची चित्रशाळा मात्र कलकत्त्यात पुढे पिढ्यान् पिढ्या चालू राहिली. १९९१ च्या आगीत तिच्या जुन्या संग्रहाचा मोठा भाग नष्ट झाला आणि २०१६ साली ती कायमची बंद झाली. एस्प्लनेडजवळची ती इमारत पाहताना लक्षात येते, की छायाचित्रणाचा पुढचा सगळा इतिहास म्हणजे ऐंशी माणसांचे ओझे एका माणसाच्या हातात आणण्याचा इतिहास आहे. कोरड्या काचा आल्या आणि तंबू गेला. १८८८ साली कोडॅकची गुंडाळीची पेटी आली आणि काचा गेल्या. १९२५ साली बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्याने चित्रपटाची ३५ मि.मी. रुंदीची फीत वापरून यंत्र कोटाच्या खिशात बसविले.

ओझे असे हलके झाले, तरी प्रकाशाचा प्रश्न उरलाच. या बाबतीत कलकत्त्याने जगाला एक मोठा धडा दिला. १९४९-५० च्या सुमारास फ्रेंच दिग्दर्शक झाँ रेन्वार ‘द रिव्हर’ या चित्रपटासाठी कलकत्त्यास आले. ते चित्रीकरण पाहावयास सुब्रत मित्र नावाचा एक तरुण जात असे. प्रकाशयोजना आणि कॅमेऱ्याच्या जागा टिपून ठेवीत असे. पुढे सत्यजित राय यांनी ‘पथेर पांचाली’चे काम त्याच्यावर सोपविले, तेव्हा त्याचे वय अवघे २१ वर्षांचे होते आणि चित्रपटाचा कॅमेरा त्याने तोवर कधी चालविलेला नव्हता. १९५६ च्या ‘अपराजित’साठी बनारसच्या एका घराचे अंगण कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारावे लागले. उघड्या अंगणात आभाळातून झिरपणारा, सावली न पाडणारा उजेड दिव्यांनी आणावयाचा कसा? मित्र यांनी अंगणावर पांढरे कापड ताणले आणि दिव्यांचा झोत त्यावर टाकून परतलेला प्रकाश खाली घेतला. परावर्तित प्रकाशाची ही रीत पुढे चित्रपटसृष्टीत सर्वत्र रूढ झाली. मित्र यांनी प्रथम उजेडाचे स्वरूप ओळखले आणि यंत्र त्याला अनुकूल करून घेतले. भिंगाची निवड करणाऱ्यानेही याच क्रमाने जावयास हवे.

आता झूम भिंगाकडे वळू. साध्या भिंगाचे नाभीय अंतर, म्हणजे ज्यावर चौकटीत किती दृश्य मावेल हे ठरते ते माप, कायमचे बांधलेले असते. झूम भिंगात काचांचे काही गट एकमेकांपासून मागेपुढे सरकतात आणि ते माप पाहता पाहता बदलते. या कल्पनेचे पेटंट अमेरिकेत १९०२ सालीच घेतले गेले होते. १९३२ साली चित्रपटांच्या कॅमेऱ्यासाठी ४० ते १२० मि.मी. पल्ल्याचे ‘वारो’ भिंग निघाले. स्थिर छायाचित्रांच्या ३५ मि.मी. कॅमेऱ्यासाठी पहिले झूम भिंग १९५९ साली फोइग्टलेंडर कंपनीने बाजारात आणले. १९६३ साली निकॉनने ४३ ते ८६ मि.मी. चे एक आटोपशीर झूम काढले. ते खूप खपले आणि त्याची निंदाही तितकीच झाली. त्यातून घेतलेल्या चित्रात इमारतीच्या सरळ कडा वाकलेल्या दिसत. परंतु लोकांनी तो दोष पत्करला, कारण एका भिंगात सोय मिळत होती. सोय आणि अचूकता यांमधला हा सौदा तेव्हापासून आजतागायत चालू आहे.

त्याच सुमारास, १९६४ साली, राय यांचा ‘चारुलता’ प्रकाशित झाला. एकोणिसाव्या शतकातल्या कलकत्त्यातील एका संपन्न घरातली एकाकी स्त्री दांडीचा चष्मा डोळ्यांशी धरून झडपांआडून रस्त्यावरची माणसे न्याहाळते. मग तिचा पती शेजारून जातो, आपल्याच विचारात, तिच्याकडे न पाहता. ती त्यालाही त्याच चष्म्यातून पाहते आणि हात खाली घेते. त्याच क्षणी झूम भिंगाने कॅमेरा झपाट्याने मागे हटतो आणि एका घरात राहणाऱ्या दोघांमधले अंतर प्रेक्षकाला कळते. झूम भिंगाचा गुण आणि त्याची मर्यादा, दोन्ही त्या एका दृश्यात सामावली आहेत. भिंग माणसाची प्रतिमा जवळ आणते, माणूस जवळ येत नाही.

यामागे एक साधे शास्त्र आहे. चित्रात जवळच्या आणि दूरच्या वस्तूंचे परस्परांशी जे प्रमाण दिसते, ते केवळ छायाचित्रकार कोठे उभा आहे यावर ठरते. नाभीय अंतर बदलल्याने चौकट लहानमोठी होते, ते प्रमाण बदलत नाही. पुलाच्या खांबापुढे उभा असलेला हमाल मोठा दिसावयास हवा असेल, तर त्याच्याजवळ चार पावले जावेच लागते. भिंगाचे कडे कितीही फिरविले तरी ते काम होत नाही.

हे चार पावले चालण्याचे व्रत निमाई घोष यांनी आयुष्यभर पाळले. ते मूळचे रंगभूमीवरील नट. टॅक्सीत कोणीतरी विसरून गेलेला एक साधा कॅमेरा एका मित्रामार्फत त्यांच्या हाती आला. त्याचे भिंग बदलताही येत नव्हते. १९६८ साली रामपूरहाटला ‘गुपी गाइन बाघा बाइन’ची तयारी चालू असताना त्यांनी त्या कॅमेऱ्याने चित्रे घेतली. ती राय यांच्या नजरेस पडली आणि त्यातून दोन तपांहून अधिक काळचा सहवास घडला. घोष यांनी कृत्रिम झगमगाटाचा दिवा वापरला नाही. जो उजेड असेल त्यातच चित्र घेतले. २०१० साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०२० साली त्यांचे निधन झाले. पुढे चांगली साधने हाती आल्यावरही, पहिल्या यंत्राच्या उणिवेने लावलेली जागा शोधण्याची सवय त्यांनी सोडली नाही.

मग झूम भिंग घ्यावयाचेच नाही काय? असा निष्कर्ष काढणे हट्टीपणाचे होईल. २००८ साली पॅनासॉनिकने भिंगे बदलता येणारा, आरसा नसलेला पहिला मायक्रो फोर थर्ड्‌स कॅमेरा आणला आणि परिस्थिती पालटली. जुन्या कॅमेऱ्यात डोळ्याला दृश्य दाखविण्यासाठी भिंगामागे तिरपा आरसा असे आणि त्याच्या हालचालीसाठी जागा सोडावी लागे. निकॉनच्या १९५९ च्या रचनेत भिंगाची बैठक आणि फीत यांत ४६.५ मि.मी. अंतर होते, त्याच कंपनीच्या २०१८ च्या आरसाविरहित रचनेत ते १६ मि.मी. वर आले. भिंग संवेदकाच्या जवळ बसू लागल्याने विस्तीर्ण दृश्याची भिंगे लहान करणे सुकर झाले. शिवाय वाकलेल्या कडा आता कॅमेऱ्यातील गणित चित्र घेतानाच सरळ करते. १९६३ च्या भिंगाचा दोष असा अर्ध्या शतकाने निवारला गेला.

निवड करताना तीन गोष्टींचा तोल सांभाळावा लागतो. पहिली गोष्ट पल्ल्याची. उत्तर कलकत्त्याच्या गल्ल्यांत किंवा कुमारटुलीच्या मूर्तिकारांच्या चिंचोळ्या कारखान्यांत मागे सरकावयास जागाच नसते. तेथे २८ मि.मी. अपुरे पडते, २४ किंवा २० पासून सुरू होणारे भिंग उपयोगी ठरते. दुसरी गोष्ट प्रकाशाची. भिंगाचे छिद्र एफ/४ असेल तर एफ/२.८ च्या निम्माच प्रकाश आत येतो. आणि पल्ला वाढविताच छिद्र एफ/६.३ पर्यंत आक्रसणारी स्वस्त भिंगे संध्याकाळी लवकर हात टेकतात. म्हणून सर्व पल्ल्यांत एफ/४ कायम राखणारे भिंग हा मध्यममार्ग होय. तिसरी गोष्ट वजनाची. २०१६ साली निघालेले सोनीचे २४ ते ७० मि.मी., एफ/२.८ चे भिंग ८८६ ग्रॅम भरते. २०२३ साली निघालेले त्याच कंपनीचे २० ते ७० मि.मी., एफ/४ चे ४८८ ग्रॅम. निकॉनचे २४ ते ७० मि.मी., एफ/४ चे भिंग ५०० ग्रॅमचे आहे. संवेदक लहान असलेल्या ऑलिंपसच्या कॅमेऱ्यासाठी २०२० साली निघालेले १२ ते ४५ मि.मी. चे भिंग तर अवघे २५४ ग्रॅमचे आहे आणि मोठ्या संवेदकाच्या मापाने त्याचा पल्ला २४ ते ९० मि.मी. इतका होतो.

कलकत्त्याची हवाही येथे आपले मत देते. आरसा नसलेल्या बहुतेक कॅमेऱ्यांत भिंग काढताच संवेदक उघडा पडतो, आणि भर बाजारातील धूळ त्यावर बसावयास वेळ लागत नाही. पावसाळ्याच्या दमट हवेत कपाटात पडून राहिलेल्या भिंगांवर बुरशी धरते. चार भिंगे बाळगून त्यांतली तीन बुरशीच्या स्वाधीन करण्यापेक्षा, एकच भिंग नित्य वापरात ठेवणे आणि रात्री ते ओलावा शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवणे शहाणपणाचे आहे. दुर्गापूजेच्या मंडपात, किंवा आपल्याकडील गणेशोत्सवात, रात्रीच्या मंद उजेडासाठी एफ/१.८ चे एक लहानसे स्थिर भिंग जोडीला असले म्हणजे पुरे.

तेव्हा २० किंवा २४ पासून ७० च्या पुढेमागे जाणारे, एफ/४ राखणारे, अर्ध्या किलोच्या आतबाहेरचे झूम भिंग घ्यावे. बोर्नने ८० माणसांकडून वाहविलेल्या ओझ्याचे काम ते एका हातात करते. मात्र मल्लिक घाटावर पोचल्यावर त्याचे कडे फिरविण्यापूर्वी क्षणभर थांबावे. अर्घ्य देणाऱ्या वृद्धासाठी दूर राहणे हाच विवेक आहे. तेथे भिंगाने जवळ जावे. माळ ओवणाऱ्याजवळ मात्र पायांनी जावे, त्याची संमती घ्यावी, दोन शब्द बोलावे आणि मग चित्र घ्यावे. कोठे भिंग वापरावयाचे आणि कोठे पाय, हे कोणत्याही दुकानातील माहितीपत्रकात छापलेले नसते; ते ज्याचे त्याने, माणसे पाहात पाहात शिकावयाचे असते.