पाणबुडीचा कप्तान, पण युद्धात पाणबुडीच नाही!

मी पोहायला शिकलो हिरण्यकेशीत. समुद्र बघायचा तर आम्हाला आंबोली घाट उतरावा लागतो. तरी आजची गोष्ट नौदलाची आहे. तिच्यात नदीही आहे.

कमांडर मोहन नारायण राव सामंत. जन्म १९३०, मुंबई. आपल्या नौदलाच्या सुरुवातीच्या पाणबुडी अधिकाऱ्यांपैकी एक. ४ सप्टेंबर १९६९ ला सोव्हिएत संघातल्या रिगा बंदरात 'आयएनएस करंज' नौदलात दाखल झाली, तेव्हा तिचे पहिले कप्तान सामंतच होते.

मग १९७१ चं युद्ध आलं. 'करंज' लढाईवर गेली, पण तिचे कप्तान होते कमांडर शेखावत. मग सामंत कुठं होते?

एका गुप्त कामावर. त्याची सुरुवातही पाणबुडीतूनच झाली बघा! मार्च १९७१ मध्ये फ्रान्सच्या तूलाँ बंदरात पाकिस्तानची 'मँग्रो' पाणबुडी उभी होती. तिच्यावरचे आठ बंगाली नौसैनिक निसटले आणि भारतात आले. मग प्लासीजवळ भागीरथीकाठी छावणी पडली. चारशेहून जास्त बंगाली पोरं तिथं रात्री पोहायला शिकली, तेही छातीला चुंबकाचा सुरुंग बांधून! या मोहिमेच्या आखणीत सामंत आघाडीवर होते. पूर्व पाकिस्तानातल्या सैन्याची रसद बोटींनी जायची; ती तोडायची होती. १५ ऑगस्टच्या मध्यरात्री चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज, चारही ठिकाणी बोटी बुडाल्या.

डिसेंबरात सामंत स्वतः 'पनवेल', 'पद्मा' आणि 'पलाश' या तीन छोट्या बोटी घेऊन नदीतून आत घुसले. मोंगला झालं, पुढं खुलना. १० डिसेंबरला वरून विमानं आली. आपलीच होती! ओळखण्यात चूक झाली आणि 'पद्मा', 'पलाश' गेल्या. 'पलाश'च्या इंजिनरूममधले रुहुल अमीन शहीद झाले. आज ते बांगलादेशचे 'बीरश्रेष्ठ' आहेत.

उरली एकटी 'पनवेल'. किनाऱ्यावरून गोळीबार चालू होता. सामंतांना निघून जाता आलं असतं. कोण नावं ठेवणार होतं? पण त्यांनी आधी पाण्यातली माणसं बोटीवर घेतली.

मला महावीरचक्राचं मोल इथं कळतं. मोंगला-खुलन्याच्या या कामगिरीसाठी ते त्यांना मिळालं. पुढं नव्या बांगलादेशाचं नौदल उभं करायलाही त्यांनी सुरुवातीला हात दिला.

ही मोहीम मात्र कित्येक वर्षं झाकलेलीच राहिली. सामंत मार्च २०१९ मध्ये गेले. संदीप उन्नीथन यांच्यासोबत लिहिलेलं त्यांचं 'ऑपरेशन एक्स' हे पुस्तक त्याच वर्षी आलं. २०२१ मध्ये मुंबईत नवी 'करंज' दाखल झाली, तेव्हा तिचे पहिले कप्तान हयात नव्हते.

तुमच्या गल्लीत कुणी निवृत्त फौजी आजोबा असतील, तर या रविवारी त्यांच्याजवळ जाऊन बसा. त्यांची परवानगी घ्या, मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू करा, आणि आपण गप्प राहून ऐका. भेटू पुढच्या भागात!